गटार हवं, कट्टाही हवा : शहापुरातल्या एका गल्लीचं प्रकरण

बेळगावच्या शहापूर भागातल्या एका जुन्या गल्लीत काही वर्षांपूर्वी पावसाच्या पाण्यासाठी नवं गटार करायचं ठरलं. आराखड्याप्रमाणे दोन्ही बाजूंच्या घरांपुढचे कट्टे निघणार होते. शेवटी गल्लीनं गटार करून घेतलं आणि बहुतेक कट्टेही राखले. ते कसं जमलं, कुठं जमलं नाही आणि कोणत्या टप्प्यावर काय ठरलं, याची ही नोंद. गल्लीचं, घरांचं, माणसांचं नाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. घरांची मापं घेणाऱ्यांत मीही होतो, तेव्हा तटस्थपणाचा आव आणत नाही. ही गल्ली टिकावी असं मला तेव्हा वाटत होतं आणि आजही वाटतं.

पार्श्वभूमी

कपिलेश्वराच्या पुलावरून रुळांपलीकडं उतरलं की शहापूर सुरू होतं. आज ते बेळगाव शहरात पुरतं मिसळून गेलंय, पण 1948 पर्यंत इथला कारभार वेगळा होता. बेळगावचा किल्ला 1818 साली इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि त्याच्या पलीकडं कॅम्प वसला. शहापूर मात्र सांगलीच्या पटवर्धनांच्या संस्थानात राहिलं. हाकेच्या अंतरावर दोन राज्यं नांदत होती. तिकडं कचेऱ्या आणि पलटण, इकडं पेठ, म्हणजे कापड, सराफी आणि विणकाम. शहापुरी साडी या पेठेतूनच लांबलांबच्या बाजारांत गेली.

मार्च 1948 मध्ये सांगली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. 1 नोव्हेंबर 1956 ला हा मुलूख म्हैसूर राज्यात घातला गेला आणि 1973 पासून त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. गल्ली जागची हलली नाही, पण तिचे कागद हलत राहिले. एकाच घरात मोडीतलं खरेदीखत, बाळबोध मराठीतलं वाटणीपत्र, इंग्रजी शिक्का असलेला जुना नकाशा आणि कन्नडमधला सीटीएस, म्हणजे सिटी सर्व्हेचा उतारा असं सगळं एका ट्रंकेत सापडतं. पुढं याच ट्रंकांनी मोठं काम केलं.

जुनी वेगळीक सणांतही दिसते. बेळगावात धुळवडीला रंग खेळून होतो, शहापुरात मात्र पाचव्या दिवशी रंगपंचमी. संस्थानी काळापासूनची ही रीत आहे. त्या दिवशी गल्ली पाहावी.

गल्ली आणि तिचे कट्टे

गल्ली सरळ नाही. मारुतीच्या देवळाशी ती वाकते, त्यामुळं एका तोंडाशी उभं राहून दुसरं तोंड दिसत नाही. चालत गेलं की घरं एकेक करून पुढं येतात. भिंती चिऱ्याच्या, म्हणजे तासलेल्या जांभ्या दगडाच्या. बेळगाव-खानापूरकडं जांभा मुबलक. खाणीत असताना तो मऊ असतो, तासायला सोपा, आणि हवा लागली की टणक होतो. वर सागवानी तुळया, कडीपाट, काही घरांना रस्त्याकडं झुकलेला लाकडी सज्जा. पूर्वी छपरांवर नळीची कौलं होती. बासेल मिशनच्या लोकांनी 1865 साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर चपटी मंगळुरी कौलं हळूहळू घाटावरही पसरली. गल्लीत आज दोन्ही तऱ्हा दिसतात आणि मधेमधे स्लॅबची घरंही आहेत.

दारातून आत गेलं की सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर आणि मागं परडं. परड्यात विहीर आणि तुळस. काही सोप्यांत अजून खड्डामागाची जागा दाखवतात. विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा आणि पायानं पावड्या दाबायचा. हातमाग बहुतेक थांबले, यंत्रमाग वडगाव-खासबागकडं गेले, पण खड्डे बुजवलेले नाहीत.

आणि जवळजवळ प्रत्येक घरापुढं कट्टा. सोप्याच्या भिंतीला लागून, गुडघाभर उंचीचा, दोन-अडीच फूट रुंद, वर घोटीव फरशी. सकाळी पेपर घेऊन म्हातारी माणसं तिथं बसतात. अकरानंतर बायका तांदूळ निवडायला, पापड वाळत घालायला येतात. ज्या घरांत मागाचं काम होतं, तिथं कांड्या भरायला बसायची जागाही हीच. दिवाळीत पोरं याच कट्ट्यांवर माती-दगडांचे किल्ले उभारतात. गणपतीच्या मिरवणुकीला याच कट्ट्यांवर दाटी होते, आणि कुणाच्या घरी वाईट झालं तर समाचाराला आलेली माणसंही इथंच टेकतात. घरात न शिरता घराशी बोलता येतं, ही या गल्लीची खरी श्रीमंती. फोटो काढणाऱ्यांना सज्जा दिसतो आणि कोरीव दरवाजा दिसतो. माझ्या मते ही गल्ली देखणी आहे ती कट्ट्यांमुळं, कारण ते आहेत म्हणून तिथं माणसं दिसतात.

कट्ट्याचं आणखी एक काम आहे, आणि या प्रकरणात तेच निर्णायक ठरलं. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पाठीशी. जुलैमध्ये दिवसदिवस झड लागते. छपराची वळचण भिंतीच्या पुढं कट्ट्याच्या कडेपर्यंत आणलेली असते, म्हणून पागोळ्या कट्ट्याच्या बाहेर, थेट गटारात पडतात. भिंतीचा पाया त्या पाण्यापासून दोन-अडीच फूट आत राहतो. जांभा पाणी पितो आणि उघडा ठेवला तर ते सोडतोही. पण त्याच्या पायाशी सतत ओल राहिली की खालचे थर भुसभुशीत होतात. म्हणजे कट्टा हे भिंतीचं संरक्षण आहे. तो काढून गटार भिंतीच्या बुडाशी आणलं, तर पागोळ्या रस्त्यावर पडून भिंतीवर उडणार आणि गटाराची ओल पायात मुरणार.

प्रश्न काय होता

गटार हवंच होतं, याबद्दल दुमत असायला नको. जुनं गटार दगडी, उघडं, वीतभर रुंद. गल्लीत मुळात एवढी घरं नव्हती आणि घरोघरी नळही नव्हते, तेव्हासाठी ते पुरेसं होतं. पुढं प्रत्येक दुरुस्तीत रस्त्यावर नवा थर चढत गेला. जुना थर खरवडून काढायचा खर्च कुणी करत नाही. असं होता होता रस्ता काही घरांच्या उंबऱ्याला लागला. दरवर्षी एक-दोन जोरदार पावसांत उताराकडच्या दुकानांत आणि खालच्या सोप्यांत पाणी शिरायचं. साड्यांचे गठ्ठे फळीवर चढवून रात्र काढणारी माणसं या गल्लीत आहेत. त्यांना कट्ट्याचं कौतुक सांगायला जाणं बरं दिसत नाही.

नवा आराखडा असा : पूर्ण काँक्रीटचा रस्ता, दोन्ही बाजूंनी भिंतीला लागून बंदिस्त काँक्रीट गटार, यंत्रानं साफ करता येईल एवढं रुंद. कागदावर तो चोख होता. एका सकाळी कट्ट्यांवर लाल रंगाच्या खुणा पडल्या, तेव्हा गल्लीला त्याचा अर्थ कळला.

लगेच तीन गट पडले. युवक मंडळाच्या पोरांना काम अडवायचं होतं. ज्यांच्या दुकानांत पाणी शिरायचं त्यांना काम उद्याच्या उद्या हवं होतं. तिसरा गट बाहेर राहणाऱ्या मालकांचा होता, कुणी पुण्यात, कुणी मुंबईत. भाऊबंदकीत अडकलेली घरं पाडून इमारत उभी करायचा विचार त्यांच्या मनात होता, आणि रस्ता रुंद झाला तर त्यांचं काम सोपं होणार होतं. कुणाचंच म्हणणं खोटं नव्हतं. म्हणूनच पहिल्या दोन बैठका भांडणात गेल्या.

एका आज्जींनी दुसऱ्या बैठकीत देवळाच्या पायरीवरून जे सांगितलं, ते पुढं सगळ्यांच्या तोंडी झालं : "गटार करा की, आम्ही कुठं नको म्हणतोय? पण आमचं जोतं उघडं पाडू नका."

समोरचे पर्याय

पहिला पर्याय कोर्टातून स्थगिती आणण्याचा. गल्लीतल्याच एका वकिलांनी स्पष्ट सांगितलं की काही कट्टे आणि पायऱ्या रस्त्याच्या हद्दीत आहेत, त्या एका मुद्द्यावर सगळं प्रकरण लंगडं पडेल. शिवाय निकाल लागेपर्यंत किती पावसाळे जातील? पाणी शिरणाऱ्या घरांनी तेवढे दिवस काय करायचं? स्थगिती मिळाली असती तर गल्ली कायमची दुभंगली असती.

दुसरा पर्याय होता आराखडा मान्य करून नंतर ज्यानं त्यानं आपापली पुढची बाजू सजवण्याचा. शहरातल्या रुंद केलेल्या रस्त्यांवर हेच झालं. घरांची पुढची खोली कापली गेली, उघड्या पडलेल्या भिंतीवर काच आणि चकचकीत पत्रे आले आणि कुठलं घर कुठलं ते ओळखू येईनासं झालं. या पर्यायात भांडण नव्हतं. पायातल्या ओलीचा प्रश्न मात्र तसाच राहत होता.

तिसरा पर्याय आराखडाच बदलून घेण्याचा : मुख्य गटार एका बाजूनं, जिथं जुने कट्टे कमी उरलेत तिथून न्यायचं. दुसऱ्या बाजूला कट्ट्यांच्या पुढं फक्त उथळ दगडी पन्हळ ठेवायची, पागोळ्यांचं पाणी घ्यायला. ते पाणी ठराविक अंतरावर रस्त्याखालच्या पाइपांतून मुख्य गटारात सोडायचं. आणि रस्त्याचे जुने थर खरवडून पातळी खाली आणायची. मला स्वतःला यातली शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटत होती, कारण पातळी उतरली नाही तर कितीही मोठं गटार केलं तरी खालच्या घरांना सुटका नव्हती.

गटार गल्लीच्या मधोमध न्यावं, अशीही एक सूचना आली. तिथून पिण्याच्या पाण्याची मोठी वाहिनी जाते, त्यामुळं ती लगेच सोडून दिली.

पंच मंडळींनी तिसरा पर्याय धरला. मात्र नुसतं "कट्टे वाचवा" म्हणत गेलो तर कोणी ऐकणार नाही हेही त्यांना कळलं होतं. मोजमाप लागणार होतं.

काय केलं

मोजणी. सुट्ट्यांच्या दिवशी टेप, दोरी आणि ओळंबा घेऊन घर न् घर मोजलं. कट्ट्याची लांबी-रुंदी-उंची, वळचण किती पुढं येते, पागोळी कुठं पडते, उंबरा रस्त्यापासून किती वर. कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींनी हे काम मनापासून केलं. जी पोरं काम अडवायला निघाली होती, तीच टेप धरायला आली आणि त्यांचा सूर बदलला. आपल्या घराची वळचण नेमकी कट्ट्याच्या कडेला संपते हे स्वतः पाहिलेल्या मुलाला त्या रचनेचा अभिमान वाटतो, आणि बोलताना त्याचा आवाज चढत नाही.

मोजल्यावर तीन प्रकार निघाले. काही कट्टे घराच्या हद्दीत पूर्ण बसत होते. काही जुन्या गटाराच्या अंगावर थोडे आलेले होते. आणि काही बांधकामं सरळसरळ रस्त्यावर होती : अलीकडं केलेल्या सिमेंटच्या पायऱ्या, दुचाकी चढवायचे उतार, एका दुकानाचा वाढवलेला ओटा.

पहिला मोठा निर्णय इथं झाला. तिसऱ्या प्रकाराचं काय करायचं? यादी लपवावी असं म्हणणारे होते. एका ज्येष्ठ विणकर अण्णांनी विरोध केला. त्यांचं घर कन्नड बोलणारं, तीन पिढ्या याच गल्लीत. ते म्हणाले, आपलं चुकलेलं आपण आधी काढू, मग जुनं मागू. त्यांनी स्वतःच्या दारातला सिमेंटचा उतार सर्वांत आधी फोडला. त्यानंतर बाकीचे तयार झाले. दुकानदार शेवटपर्यंत नाराज होता, पण त्यानंही ओटा काढला. गटाराचं काम पाहणाऱ्या अभियंत्यांची वागणूक बदलली ती या दिवसापासून, असं मला वाटतं. त्यांच्या खात्याच्या कामात लोकांनी स्वतःहून अतिक्रमण काढून यादी आणून देणं ही रोजची गोष्ट नसावी.

कागद. मग ट्रंका उघडल्या. मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी जुनी खरेदीखतं लावून दिली. घराच्या चतुःसीमा सांगताना त्यात कट्ट्याचा उल्लेख होता, आणि त्यापुढं सरकारी रस्ता. सगळ्या घरांची खतं मिळाली नाहीत, पण सलग काही घरांची मिळाली आणि ती सीटीएस नकाशाशी जुळली. दुसऱ्या प्रकारातले काही कट्टे त्यामुळं पहिल्या प्रकारात आले. दोन कट्टे उलट दिशेनं गेले, म्हणजे जुने वाटत होते पण कागदावर रस्त्यात निघाले. तेही यादीत तसेच लिहिले.

अर्जाची भाषा. बाहेरच्या वाचकाला हा मुद्दा छोटा वाटेल, सीमाभागातल्याला वाटणार नाही. मंडळाच्या पत्रकावर मराठीत अर्ज द्यायचा ही इथली सवय, आणि त्यामागं 1956 पासूनचं दुखणं आहे. सीमावादावरच्या महाजन आयोगाचा 1967 सालचा अहवाल, दरवर्षीचा 1 नोव्हेंबरचा काळा दिन, हे सगळं प्रत्येक घरात बोललं जातं. काहींना वाटत होतं की कन्नडमध्ये अर्ज देणं म्हणजे पडतं घेणं. बैठक लांबली. शेवटी ठरलं ते असं : अर्ज दोन्ही भाषांत, एकाच कागदावर, शेजारी शेजारी. मराठी मजकूर पंचांनी लिहिला, कन्नड मजकूर त्या विणकर अण्णांच्या सुनेनं. सह्या घरांच्या क्रमानं, भाषेच्या क्रमानं नाही. मी अनेक अर्ज पाहिलेत, पण इतका नीटस अर्ज क्वचित पाहिला असेल. मराठीपण सोडलं असं कुणालाच म्हणता आलं नाही, आणि टेबलापलीकडच्या माणसाला तो वाचायला कुणाची मदत लागली नाही.

इतिहास किती सांगायचा. दुसरा कसोटीचा क्षण हा होता. युवक मंडळानं गल्लीच्या इतिहासाचा फलक करायला घेतला होता. मसुद्यात लिहिलं होतं की शिवाजी महाराजांचा मुक्काम या गल्लीत झाला होता. दुसऱ्या एकानं गल्ली मध्ययुगातल्या रट्ट राजांच्या काळातली असल्याचं जोडलं. महाराजांविषयीची भावना इथं किती खोल आहे हे बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक पाहिलेल्याला सांगायला नको. म्हणूनच नाही म्हणणं अवघड होतं. मोडी वाचणाऱ्या गुरुजींनी शांतपणे समजावलं : किल्ल्यातल्या कमल बस्तीला, म्हणजे जुन्या जैन मंदिराला, 1204 हे साल आपण लावतो, कारण तिच्यामागं शिलालेखाचा आधार आहे. आपल्या गल्लीत जे आहे ते खरेदीखतांत आहे, संस्थानी कागदांत आहे, मागाच्या खड्ड्यांत आहे. त्याच्या पलीकडचं लिहिलं तर उद्या कोणी एक ओळ खोटी ठरवेल आणि त्याबरोबर आपले खरे कागदही संशयात येतील. महाराजांच्या नावाला असा आधार द्यायची गरज नाही, हे वाक्य त्यांनी उच्चारलं आणि पोरांनी ती ओळ स्वतः खोडली. हा निर्णय मला सर्वांत मोलाचा वाटतो. फलकावर शेवटी सांगली संस्थान, कापडपेठ, शहापुरी साडी आणि घरांची बांधणी एवढंच आलं.

जागेवर पाहणी. अर्जासोबत मापांचे नकाशे दिले, पण काम झालं ते पावसात. अभियंत्यांना मुद्दाम झडीच्या दिवशी बोलावलं. एका घराचा कट्टा मालकानं पूर्वीच काढून तिथं शटर लावलं होतं. त्याची भिंत आणि शेजारच्या कट्टा असलेल्या घराची भिंत, दोन्ही शेजारी शेजारी दिसत होत्या. पहिलीला कमरेएवढ्या उंचीपर्यंत ओल चढलेली, गिलावा फुगून सुटलेला. दुसरीचे चिरे कोरडे. अभियंत्यांनी बराच वेळ छत्री धरून पागोळ्या पाहिल्या. त्यांनी दोन अटी घातल्या : मुख्य गटारावरच्या फरश्या उचलता आल्या पाहिजेत, आणि पन्हळीत कुणी कचरा टाकणार नाही याची हमी पंचांनी घ्यावी. आराखडा बदलला.

बांधकाम. ज्या कट्ट्यांचा थोडा भाग कापावा लागला, त्यांची कडा पुन्हा चिऱ्यानं बांधायची होती. ठेकेदाराचे गवंडी सिमेंटनं झटपट लेपून देणार होते. जांभ्यावर सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल बाहेर पडत नाही आणि दगड आतून सुटतो, म्हणून सांधे चुन्यानंच भरावेत असा आग्रह धरला. चुन्याचं काम येणारा गवंडी शोधायला वेळ गेला. अखेर खानापूर तालुक्यातले एक वयस्क गवंडी आले, त्यांनी चुना भिजत घातला, आणि त्यांच्या हाताखाली गल्लीतले दोन तरुण शिकले.

परिणाम

पुढच्या पावसाळ्यात उताराकडच्या दुकानांत पाणी शिरलं नाही. त्याचं श्रेय मी गटाराइतकंच खरवडलेल्या रस्त्याला देईन. उंबरे पुन्हा वर आले आणि पायऱ्या मोजता येऊ लागल्या.

कट्ट्यांपैकी बहुतेक जागेवर आहेत. काही अरुंद झाले. रस्त्यात निघालेले ते दोन जुने कट्टे गेले, त्यातला एक ज्या आज्जींचं वाक्य वर दिलंय त्यांच्याच घराचा. त्यांनी तक्रार केली नाही, पण दुपारी आता त्या शेजारणीच्या कट्ट्यावर जाऊन बसतात. ओटा काढलेल्या दुकानदाराचं गिऱ्हाईक गाडी लावायला जागा नाही म्हणून पुढच्या रस्त्यावर जातं, असं तो सांगतो, आणि ते खरं असावं. चारचाकी आता आत येऊ शकत नाही. रुग्णाला न्यायचं तर देवळापर्यंत खुर्चीवर आणावं लागतं. हा तोटा लहान नाही.

न ठरवलेला एक परिणाम झाला. फलक लागला, कट्टे स्वच्छ झाले, कुणीतरी फोटो टाकले आणि सुट्टीच्या दिवशी माणसं येऊ लागली. लग्नाआधीच्या फोटोंसाठी जोडपी येतात, सज्जाखाली उभी राहतात, विचारल्याशिवाय कट्ट्यावर चढतात. सुरुवातीला कौतुक वाटलं. नंतर तांदूळ निवडायला बसलेल्या बायका आत जाऊ लागल्या, कारण कोणाच्या तरी कॅमेऱ्यात त्या येत होत्या. पंचांनी आता देवळाशी सूचना लावली आहे : घरमालकाला विचारून फोटो काढा, दुपारी बारा ते चार नको. ती बऱ्यापैकी पाळली जाते. पाहुण्यांना गल्ली आवडते याचा मला आनंद आहे, पण गल्लीतल्या बाईला स्वतःच्या कट्ट्यावर संकोच वाटणार असेल तर आवडणाऱ्यांनी दोन पावलं मागं सरकावं.

बाहेर राहणाऱ्या मालकांपैकी एकानं दुरुस्ती काढली, एकानं घर विकलं. विकलेल्या घराचं पुढं काय होणार ते अजून ठरलेलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मापं लाल खुणा पडल्यानंतर घेतली गेली. ती आधीच तयार असती तर पहिला आराखडा काढतानाच कट्टे त्यात आले असते, आणि तो बदलून घेण्यात गेलेले महिने वाचले असते. कुठल्याही जुन्या गल्लीनं संकटाची वाट न पाहता आपली घरं मोजून ठेवावीत. टेप आणि दोन रविवार एवढंच लागतं.

बायकांना उशिरा विचारलं. बैठका रात्री देवळात व्हायच्या आणि बोलणारे पुरुषच. कट्टा दिवसभर वापरतात त्या बायका. पागोळी कुठं पडते, कुठल्या कोपऱ्यात पाणी तुंबतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. महिला मंडळाची बैठक झाली ती अर्ज गेल्यावर, आणि तिथं पन्हळीच्या उताराबद्दल दोन अशा गोष्टी कळल्या ज्या नकाशात आल्याच नव्हत्या. एका जागी अजूनही पाणी साचतं, ती त्यातलीच.

भाडेकरूंना तर विचारलंच नाही. मागच्या खोल्यांत राहणारी, कामासाठी खेड्यांतून आलेली कुटुंबं संध्याकाळी कट्ट्यांवरच असतात. सह्या मात्र फक्त उताऱ्यावर नाव असलेल्यांच्या घेतल्या.

रुग्णवाहिकेचा विचार मुळीच झाला नाही. वळणाजवळ एका बाजूची पन्हळ फरशीनं झाकली असती तर एक छोटी गाडी आत घेता आली असती. ते अजूनही करता येईल, आणि करायला हवं.

फरश्या उचलून गटार साफ करण्याची जबाबदारी कोणाची, हे तोंडी ठरलं. पहिलं वर्ष उत्साहात गेलं. नंतर पंच बदलले आणि एका पावसाआधी साफसफाई राहून गेली. ही हमी लेखी, तारखांसह आणि दोन्ही भाषांत घ्यायला हवी होती, अर्जासारखीच.

शेजारच्या गल्लीत असंच काम येणार असल्याचं कळल्यावर तिथले पंच नकाशे बघायला आले. त्यांनी मोजणी सुरू केली आहे. त्यांच्या पहिल्या बैठकीची वेळ दुपारी चारची आहे, आणि बोलावणं घरोघरी गेलंय, मागच्या खोल्यांपर्यंत.